वाढीव खोली : नारळ फोडण्याआधी



मोळी पडते, कारखान्याचा भोंगा नेमाने वाजू लागतो आणि पहिल्या तोडीची बिले खात्यावर जमा व्हायला लागतात. मग घराघरांत तोच विषय निघतो. "औंदा एक खोली काढायची का?" थोरल्याचे लग्न ठरलेले असते. धाकटीची दहावी असते आणि तिला अभ्यासाला कोपरा नसतो. सोप्यात पोती आणि पोत्यांवर पाहुणे अशी गत असते. आईला भर पावसात रात्री परसात जावे लागते. खोली हवी हे खरेच आहे. चैन म्हणून कोणी विटांची गाडी दारात उतरवीत नाही.

पण कार्यक्षेत्रातून फिरताना आम्हांला दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक म्हणजे जोत्यापर्यंत येऊन थांबलेली बांधकामे. तीन-चार पावसाळे खाल्लेल्या भिंती, वर आलेल्या गंजक्या सळया आणि मधोमध उगवलेला एरंड. विचारले तर उत्तर एकच, "पैसं संपलं बघा." दुसरी गोष्ट म्हणजे जुने घर आणि नवी खोली यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत गेलेली उभी भेग. विचारले तर, "गवंड्यानं फसवलं." बहुतेक ठिकाणी गवंड्याने फसवलेले नसते. आपल्याला काय हवे ते आपणच ठरवलेले नसते, मग तो तरी काय करणार?

उसाची लागण करायची तर आपण सरी किती फुटी, बेणे कोणते, पाण्याची पाळी कितव्या दिवशी, हे सगळे ठरवून मगच रानात नांगर घालतो. घराच्या बाबतीत मात्र आधी नारळ फुटतो आणि मग विचार सुरू होतो. पहिल्यांदाच बांधकामाला हात घालणाऱ्या सभासदांसाठी हा लेख आहे. खोली बारा बाय चौदा फुटांची, नऊ इंची विटांची भिंत, वर स्लॅब, आणि जुन्या घराला लागून, असे धरून आम्ही पुढचा हिशेब मांडला आहे.

खोली कोणाची आणि उजेड कोणाचा?

पहिली चूक आमच्याच घरची सांगतो. जुन्या घराच्या मागच्या अंगाला आम्ही स्वयंपाकघर वाढवले. खोली झकास झाली. ओटा झाला, फडताळ झाले. पण ज्या भिंतीला ती लावली त्याच भिंतीत माजघराची एकुलती एक खिडकी होती. ती बुजली. आज आमच्या माजघरात भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. बांधताना घरातली बायकामाणसे सांगत होती, आम्ही ऐकले नाही. गवंड्याला विचारले, शेजाऱ्याला विचारले. जिला त्या घरात बारा तास काढायचे तिला विचारायचे राहून गेले.

म्हणून पहिले काम असे की चौरसाच्या वहीवर जुन्या घराचा नकाशा काढावा. एक चौरस म्हणजे एक फूट. दारे, खिडक्या, चूल, मोरी, आड, गोठा, झाडे, पन्हळीचे पाणी कुठे पडते, सांडपाणी कुठून जाते, सगळे त्यात दाखवावे. मग नवी खोली कागदावर चारी बाजूंनी सरकवून पाहावी. जुन्या घरातली कोणती खिडकी बुजते, पडवीचे पाणी कुणाच्या अंगावर येते, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर परसात जायला वाट राहते का, ते तिथेच कळते. कागदावरची भिंत खोडरबराने पाडता येते.

खिडक्यांचे एक साधे माप आहे. खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान दहाव्या हिश्श्याइतकी उघडी खिडकी हवी. बारा बाय चौदा म्हणजे १६८ चौरस फूट, तेव्हा तीन फूट बाय तीन फुटांच्या दोन खिडक्या तरी पाहिजेत. त्या समोरासमोरच्या किंवा लगतच्या दोन भिंतींत असाव्यात, म्हणजे वारा आरपार जातो. आपल्याकडे पाऊस आणि वारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो आणि दुपारचे ऊनही तिकडचेच. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा चांगला दीड-दोन फूट बाहेर काढावा.

जागेचे कागद

दुसरी गोष्ट कागदाची. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ आणि तलाठ्याकडचा आठ-अ ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. आठ-अ हा शेतजमिनीचा खातेउतारा आहे. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असते, आणि तीही घरपट्टीच्या आकारणीसाठी असते. नोंद आहे म्हणून मालकी पक्की झाली असे कोणी समजू नये. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाल्यापासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर ती पत्रिका आधी पाहावी आणि हद्द ताडून घ्यावी.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाला आधी परवानगी लागते. "घराला घर जोडतोय, त्याला कसली परवानगी?" असे पुष्कळजण म्हणतात. वाढीव बांधकामालाही ती लागते. मळ्यात, शेतजमिनीवर राहणाऱ्यांचे नियम गावठाणापेक्षा वेगळे आहेत. त्यांनी तहसील कचेरीत चौकशी केल्याशिवाय पाया खणू नये.

आणि भाऊबंदकीचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. घर वडिलोपार्जित आहे, वाटणी तोंडी झाली आहे, मधली भिंत सामाईक आहे, अशा ठिकाणी भावाच्या संमतीशिवाय एक वीटही लावू नये. आज तो म्हणतो, "बांध की दादा, मी काय परका हाय?" उद्या त्याची मुले मोठी होतात आणि प्रकरण कोर्टात जाते. खोलीच्या खर्चाइतका पैसा तारखांत जातो आणि दोन घरांचे बोलणे तुटते ते वेगळेच. संमती लेखी घ्यावी, चार माणसांसमोर घ्यावी आणि हसतखेळत असतानाच घ्यावी.

पैशाचे टप्पे

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याची तरतूद आहे. पण आपला ऊस कधी तुटेल ती तारीख आपल्या हातात नसते. शिवाय बिलातून सोसायटीची वसुली आधी कापून जाते. म्हणून बिलाचा आकडा पाहून घराचा बेत करू नये, हातात पडणारा आकडा पाहावा. त्यातूनही पुढच्या लागणीचे बेणे, खत आणि घरखर्च बाजूला काढावा. उरेल ते घराचे.

पीककर्जाच्या पैशात भिंत बांधणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. भिंत उभी राहते पण खोडव्याला खत पडत नाही. पुढच्या वर्षी उतारा घटतो आणि तीच भिंत गहाण टाकायची वेळ येते. हे पाप कोणी करू नये.

बांधकामाचे चार टप्पे पाडावेत. पहिला, पाया ते जोते. दुसरा, जोते ते लिंटल. तिसरा, लिंटल ते स्लॅब. चौथा, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, वीज आणि पाणी. चौथ्या टप्प्याला खर्च थोडा लागेल असे सर्वांना वाटते, आणि इथेच सगळे फसतात. स्लॅब पडला की घर झाले असे वाटते. प्रत्यक्षात खर्चाचा मोठा भाग पुढेच असतो. प्रत्येक टप्प्याचे पैसे हातात असल्याशिवाय तो टप्पा सुरू करू नये. थांबायचे झालेच तर जोत्यावर थांबावे. जोते पावसाळा काढते. अर्धी भिंत आणि उघडी सळई पावसाळा काढत नाही. सगळ्या अंदाजावर दहा-पंधरा टक्के रक्कम निराळी ठेवावी आणि ती आहे हे गवंड्याला सांगू नये.

वेळेचेही गणित आहे. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या ऊस वाहतुकीला गुंतलेल्या असतात, तेव्हा विटा, वाळू, खडी मोळी पडण्याआधीच आणून टाकलेली बरी. स्लॅब मे महिन्याच्या मध्यापर्यंत पडला पाहिजे. त्यापुढे वळीव दारात उभा असतो.

आखणी

आखणीच्या दिवशी घरधन्याने स्वतः उभे राहावे. काटकोन काढायला गुण्या लहान पडतो; त्यासाठी दोरीची रीत बरी. एका बाजूवर सहा फुटांवर खूण करावी, दुसऱ्या बाजूवर आठ फुटांवर. दोन्ही खुणांमधले अंतर बरोबर दहा फूट भरले तर कोन काटकोन आहे. दहा भरले नाही तर दोरी सरकवावी. सगळी आखणी झाली की दोन्ही कर्ण मोजावेत. बारा बाय चौदाच्या आतल्या मापाला कर्ण १८ फूट सव्वापाच इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे खोली तिरकी नाही. इथे दोन इंचांची चूक राहिली तर ती फरशीपर्यंत आपला पिच्छा सोडत नाही.

पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून घ्यावी. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. नवी फरशी जुन्या फरशीशी कशी जुळणार हे आजच ठरवावे. नाहीतर उंबऱ्यावर चार इंचांची पायरी उरते आणि म्हातारी माणसे रोज तिथे ठेचकाळतात.

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. तिथल्या सभासदांनी जुन्या भिंतीवरची पुराची खूण पुसू नये. तीच आपली मोजपट्टी आहे. पाणी जोत्याएवढेच येत असेल तर जोते त्याहून वर घ्यावे. माणूसभर येत असेल तर जोते वाढवून भागणार नाही. तिथे स्लॅबवर जायला पक्का जिना आणि विजेचे बोर्ड उंचावर, हा खर्च खोलीच्या अंदाजात आधीच धरावा.

पाया : काळी माती आणि जुनी भिंत

आपली जमीन उसाला सोन्यासारखी आहे, पण घराला नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. उन्हाळ्यात रानात पडलेल्या भेगांत काठी घालून पाहा, म्हणजे ही माती वरचे घर कसे हलवत असेल याची कल्पना येईल. म्हणून पाया शक्यतो मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा. मुरूम फारच खोल असेल तर भिंतीखाली लोखंड घातलेली जोत्याची तुळई लागते. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांची, म्हणजे पाईलची, पद्धत तयार केली आहे. हे काम इंजिनिअरला विचारूनच करावे. त्याची फी खोलीच्या खर्चात थोडीच असते.

जोत्यात भराव घालताना खणलेली काळी माती परत टाकू नये. ती रानात टाकावी. भराव मुरमाचा घालावा, सहा-सहा इंचांचा थर, पाणी मारून आणि धुमसाने ठोकून. घराभोवती तीन फुटांची फरसबंदी बाहेर उतार देऊन केली तर पायाशी पाणी मुरत नाही. मोरीचे पाणी पायाशी सोडणे म्हणजे घराला रोज थोडे थोडे हलवणे.

आता जुन्या भिंतीजवळचा पाया. इथे माणसे दगावतात, म्हणून नीट वाचा. जुन्या भिंतीला लागून लांबच लांब चर एकदम खणू नये. मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीचा पाया उघडा पडला आणि रात्री पाऊस झाला, तर भिंत चरात येते. चार-पाच फुटांचा तुकडा खणावा, तो भरून घ्यावा, मधला तुकडा सोडून पुढचा खणावा, मग मधला घ्यावा. जुन्या पायाच्या तळापेक्षा खाली जायची वेळ आली तर काम थांबवून इंजिनिअरला बोलवावे. पाया उघडा असेतो त्या भिंतीच्या आतल्या बाजूला कोणी झोपू नये, जनावर बांधू नये.

जुने आणि नवे यांचा सांधा

आमच्या गटातल्या एका वडीलधाऱ्या सभासदाच्या घरी ती भेग आम्ही प्रथम नीट पाहिली. जुने घर दगड-मातीचे, आजोबांच्या काळातले. नवी खोली विटा-सिमेंटची. गवंड्याने जुन्या भिंतीला खाचा पाडून नव्या विटा त्यात दातांसारख्या बसवल्या होत्या. "एकजीव झालं पाहिजे," असे आबांनीच त्याला सांगितले होते. पहिला पावसाळा गेला आणि दिवाळीला भेग आली. गिलावा भरला. दुसऱ्या वर्षी पुन्हा आली, मोठी होऊन. आबा म्हणाले, "जुनं नवं एका जुवाला जुपलं, आन् दोघांनीबी मान टाकली."

आबांचे म्हणणे बरोबर आहे. जुन्या घराचा पाया वर्षानुवर्षे वजनाखाली बसून घट्ट झालेला असतो. नवे घर पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत बसायचे असते. दोघे वेगवेगळे बसणार, आणि एकमेकांना बांधलेले असले तर मधे फाटणार. म्हणून नव्या खोलीला चारही भिंती तिच्या स्वतःच्या असाव्यात, पाया स्वतःचा असावा आणि जुन्या भिंतीपासून एक इंच फट सोडावी. त्या फटीत विटांचे तुकडे आणि माल पडू देऊ नये. थर्माकोलची पट्टी किंवा डांबरी बोर्ड घालावे. वरून पत्र्याची पट्टी अशी बसवावी की ती एकाच बाजूला पक्की असेल आणि दुसऱ्या बाजूवर नुसती झाकण म्हणून राहील. दोन्हीकडे खिळली तर पहिल्याच वर्षी उचकटते.

नव्या खोलीचा स्लॅब जुन्या मातीच्या भिंतीवर टेकवून एक भिंत वाचवायचा मोह होतो. तो टाळावा. ती भिंत कौलांचे ओझे पेलत आली आहे, स्लॅबचे नाही. जुन्या कौलांचे पाणी नव्या स्लॅबवर पडत असेल तर तिथे पन्हळ आधी लावावी. सांध्यातून एकदा पाणी शिरले की ते कुठून येते हे शोधण्यात तीन पावसाळे जातात.

जुन्या घरावर मजला चढवायचा विचार असेल तर तो या लेखाच्या पलीकडचा आहे. जुना पाया इंजिनिअरने उघडून पाहिल्याशिवाय तो विचार मनात आणू नये.

भिंत आणि पट्टा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सातारा-सांगली भागातल्या जुन्या माणसांना ती पहाट आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तिथे घरे कोणती पडली? गोट्यांच्या आणि मातीच्या जाड भिंती, आणि वर मातीचे जड धाबे असलेली. भिंतींना एकमेकींशी धरून ठेवणारे काही नव्हते. चारही भिंती चार दिशांना गेल्या आणि धाबे खाली आले.

त्यावरून जी शिकवण निघाली ती साधी आहे. दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर नुसते तुकडे तुकडे लिंटल न टाकता चारही भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालावा. पट्टा तीन इंचांचा असला तरी चालतो. त्यात दोन सळया आणि रिंगा असतात, आणि सळया कोपऱ्यात वळवून पुढच्या भिंतीत नेलेल्या असतात. पोत्याला दोरी बांधावी तसे हे काम आहे. सळईचे माप इंजिनिअरकडून घ्यावे. आपण पाहायचे ते एवढेच की पट्टा कुठे तुटला नाही ना, आणि कोपऱ्यात सळई वळवली की नुसती टेकवली.

विटा लावण्याआधी पाण्यात भिजवाव्यात. कोरडी वीट मालातले पाणी पिते आणि माल भुसभुशीत राहतो. दोन विटा एकमेकींवर आपटून पाहाव्यात. खणखणीत आवाज आला पाहिजे. एका दिवसात चार-साडेचार फुटांपेक्षा उंच भिंत चढवू देऊ नये. दर थराला ओळंबा लावलेला आपल्या डोळ्यांनी पाहावा.

स्लॅबचा दिवस

स्लॅबला माल किती लागेल हे आधी काढून ठेवावे. नऊ इंची भिंती धरून बाहेरचे माप साडेतेरा बाय साडेपंधरा, म्हणजे सुमारे २०९ चौरस फूट. जाडी पाच इंच धरली तर सुमारे ८७ घनफूट काँक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणाने सिमेंटची सुमारे २० पोती, वाळू ब्रासच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त आणि खडी पाऊण ब्रासच्या आत लागते. वाया जाणारे धरून २२ पोती आणावीत. त्याहून फार जास्त किंवा फार कमी कोणी सांगितले तर हिशेब मागावा. नदीच्या वाळूऐवजी आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड वापरतात. ती चालते, पण नुसती धूळ-भुकटी असलेली घेऊ नये.

पाणी हे स्लॅबचे खरे मर्म आहे. पन्नास किलोच्या एका पोत्याला साधारण २५ लिटर पाणी, म्हणजे पाच लिटरच्या कॅनने पाच कॅन. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. काम सोपे जावे म्हणून बिगारी पाणी वाढवतात, माल पातळ आमटीसारखा सळसळत जातो आणि सगळ्यांना बरे वाटते. ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक भोके ठेवते. मग पावसाळ्यात छत ठिबकते. कॅन घेऊन मिक्सरपाशी घरचा एक माणूस उभा करावा आणि त्याने तिथून हलू नये.

आता आपल्या भागापुरती एक गोष्ट, जी बांधकामाच्या पुस्तकात कोपऱ्यात असते आणि आपल्या अंगणात मात्र रोज घडू शकते. एका वस्तीवर सकाळी स्लॅब घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो एका बाजूचा माल अजून ओला. बोट घातले तर आत जाते. तिसऱ्या दिवशीही तीच गत. सिमेंटवाल्याशी भांडण झाले, गवंड्याशी झाले. शेवटी घरातल्या एका पोराने सांगितले, "ते निळं टीप काकवीचं हुतं." गुऱ्हाळावरून आणलेले टीप नुसते हिसळून त्यात पाणी भरले होते. अखेर इंजिनिअरच्या सांगण्यावरून तेवढा भाग काढून पुन्हा ओतावा लागला.

साखर सिमेंटची वैरी आहे. सिमेंटच्या वजनाच्या दोन हजारांतला एक भाग, म्हणजे एका पोत्यात अवघी २५ ग्रॅम साखर गेली तरी माल घट्ट व्हायला काही तास उशीर होतो. याच्या चार-पाच पट गेली तर तो धड घट्टच होत नाही. आता त्या टिपाचा हिशेब करा. तळाला किलोभर काकवी राहिली असेल तर त्यात निम्म्याहून जास्त साखरच. दोनशे लिटरच्या टिपातून आठ पोत्यांचे पाणी निघते. म्हणजे पोत्यामागे साठ ग्रॅमच्या वर साखर गेली. म्हणून काकवीचे, गुळाचे, मळीचे टीप किंवा कढई स्लॅबच्या कामाला आणू नये. साखरेच्या रिकाम्या पोत्यांतून वाळू वाहू नये. कामकऱ्यांच्या चहाची साखरसुद्धा मिक्सरपासून लांब ठेवावी. जुन्या काळी चुन्याच्या घाणीत गूळ आणि हिरडा घालीत, त्यावरून काही जाणती माणसे सिमेंटमध्येही गूळ घालायला सांगतात. चुन्याची गोष्ट वेगळी, सिमेंटची वेगळी. वडीलधाऱ्यांचा मान राखून एवढे ऐकू नये.

पाणी मारणे आणि टेकू काढणे

स्लॅब पडला की घरात पेढे वाटतात आणि स्लॅबला विसरतात. खरे तर काँक्रीट वाळून पक्के होत नाही. पाणी पिऊन पक्के होते. दुसऱ्या दिवशी वर मातीचे छोटे बांध घालून वाफे करावेत आणि पाणी साठवावे. पाटपाणी देणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. आजकाल बाजारात बहुतेक पीपीसी सिमेंट मिळते, त्याला उन्हाळ्यात चौदा दिवस पाणी ठेवावे. भिंतींवर बारदाने ओली करून टाकावीत. ती साखरेची असतील तर आधी धुवून घ्यावीत. उन्हाळ्यात विहिरीला पाणी नसेल तर स्लॅबची तारीखच पुढे-मागे करावी. टँकर नंतर बघू, असे म्हणू नये.

बारा फुटी गाळ्याचे टेकू सात दिवसांच्या आत कधीही काढू नयेत, आणि पीपीसी असेल तर चौदा दिवस ठेवावेत. सेंट्रिंगवाल्याला पुढचे काम असते. तो सहाव्या दिवशी येऊन म्हणतो, "काय हुतंय मालक, पक्कं झालंय." त्याला चहा पाजावा आणि परत पाठवावे.

गवंड्याशी बोली

बोली कागदावर करावी. त्यात निदान चार गोष्टी असाव्यात. पहिली, मजुरीचा दर आतल्या मापावर की स्लॅबच्या बाहेरच्या मापावर. आपल्या खोलीत आतले माप १६८ आणि बाहेरचे २०९; एक्केचाळीस चौरस फुटांचा फरक आहे आणि शेवटच्या दिवशीची भांडणे याच एक्केचाळीसवरून होतात. दुसरी, दरात काय काय आले. खणाई, सेंट्रिंग, बाहेरचा गिलावा, पॅरापेट, ओटा, पाणी मारणे, हे एकेक लिहावे. तिसरी, पैसे टप्प्याटप्प्याने, काम झाल्यावर. चौथी, थोडी रक्कम पहिला पाऊस पडून छत ठिबकत नाही हे पाहिल्यावर द्यायची. चांगला गवंडी या गोष्टींना नाही म्हणत नाही. उलट त्याला घरधनी जागा आहे हे कळते आणि काम चांगले होते.

शेवटी एक सांगणे. ही खोली बांधताना आपल्या घरात पैशावरून, मापावरून, उशिरावरून दोन-चार वेळा आवाज चढणारच. वहीवरचा नकाशा, टप्प्यांचा कागद आणि बोलीचा कागद एका पिशवीत घालून देवघरात ठेवा. आवाज चढला की पिशवी काढून सर्वांनी मिळून वाचा. आमच्या माजघराची खिडकी बुजली तेव्हा अशी पिशवी आमच्या घरी नव्हती. तुमच्या घरी असू द्या. मग खुशाल नारळ फोडा, आणि वास्तुशांतीला आम्हांला बोलवायला विसरू नका.